पाणी न पिणारी वीट

रोहिणी लागली, नवतपा सुरू झाला, की भिलाईच्या सुपेल्यात दुपारी बारा ते चार कोणी भाव करत नाही. गिऱ्हाईक येतं ते डोक्याला गमछा गुंडाळून, ओठ सुकलेले. जुन्या दाराचा, खिडकीचा भाव विचारतं. मी सांगतो. ते एकतर मान हलवून पैसे काढतं, नाहीतर आल्या पावली परत जातं. घासाघीस करायला तोंडात ओल लागते, आणि या नऊ दिवसांत ती कोणाच्याच तोंडात नसते. फाटकाची कडी फडक्यानं धरून उघडावी लागते. छतावरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेता येत नाही. यार्डात रचलेल्या विटांवरून हवा थरथरत वर जाते आणि मागची बाभूळ पाण्यात बुडाल्यासारखी हलताना दिसते.

बाकीचं वर्ष मी बोलून जगतो. पाडायला काढलेली घरं विकत घ्यायची, पाडायची, आणि निघेल ते विकायचं, हा माझा धंदा. घेताना माल कसा कुचकामी आहे ते सांगायचं, आणि विकताना तोच माल कसा आता मिळत नाही ते. हे मला कोणी शिकवलं नाही. नवतप्यात ही विद्या बंद पडते, म्हणून तो मला कधीच आवडला नाही. पण तीन वर्षांपूर्वी, नवतपा तोंडावर आलेला असताना, भर दुपारी मी एक सौदा केला आणि जिंकलो. तेव्हापासून हे नऊ दिवस आले की मी घरात एका जागी बसू शकत नाही.

घर सुपेल्याच्या मागच्या बाजूला आहे. दुमजली. माझे वडील भंडाऱ्याकडून आले आणि पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्टीला, लागले. आयुष्यभर आगीसमोर उभे राहिले, आणि निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत गेले. माझा कारखान्यात नंबर लागला नाही. मी कारखान्याच्या एका पडलेल्या क्वार्टरच्या विटा सायकलवर आणल्या, त्यांना चिकटलेला जुना मसाला बसुलीनं खरवडला आणि विकल्या. तिथून सुरुवात. घर बांधायला अकरा वर्षं लागली. त्यात एकही वस्तू दुकानातून आणलेली नाही. दारं जुन्या क्वार्टरची, सागाची. जिन्याचे कठडे एका बंद पडलेल्या टॉकीजचे. वरच्या खोलीला पश्चिमेकडून जमिनीपासून छतापर्यंत काच, ती एका शोरूमची. रस्ता पश्चिमेला होता. घराचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला कसं कळावं की हे कोणाचं घर आहे?

त्या घराबद्दल माझ्या मुलीनं एका इंग्रजी मासिकात लिहिलं. शेजारच्या देशमुख साहेबांनी ते मला मराठीत करून वाचून दाखवलं. ते कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेले, वर्ध्याकडचे, मासिकं मागवणारे. वाक्य असं होतं : ‘मूळ घर म्हणजे काँक्रीटची पेटी, ऊन-वाऱ्याचा विचार न करता बांधलेली.’ अकरा वर्षांचं एक वाक्य. मी साहेबांना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मला राग आला तो वाक्य खोटं होतं म्हणून नाही.

माझी बायको सुनंदा हे तिच्या खूप आधीपासून म्हणत होती, फक्त इंग्रजीत नाही. “सासरा कोक ओव्हनले होता,” पाहुण्यांसमोर सांगायची, “अन् मले यायनं घरच्या ओव्हनले लावलं.” पाहुणे हसायचे. मीही हसायचो. तेव्हा ती हसत-हसत दोन जिने चढायची.

मग तिचा दमा वाढला. कूलर लावला की त्याच्या ओल्या हवेनं छाती भरायची. एसी लावला, चांगल्यातला लावला, तर त्या कोरड्या गारव्यानं रात्रभर खोकला. खाली दुकानाचं सामान, धूळ. डॉक्टर म्हणाले, यांना वरच ठेवा, पण खोली आपल्या आपण थंड राहील असं काहीतरी करा. डॉक्टर सहज बोलून गेले. उन्हाळ्यात भिलाईत आपल्या आपण थंड राहणारी खोली! सुनंदानं बाजेवर पडल्या-पडल्या माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या काचेकडे पाहिलं. दुपारी दोननंतर तिच्यातून सूर्य थेट उशीवर यायचा. पडदे लावले, गोणपाट लावलं, बाहेरून ताडपत्री बांधली. ताडपत्रीनं वारा बंद झाला. त्या वर्षी चैत्रातच तिला बसून झोपावं लागत होतं. नवतपा अजून पुढे होता, आणि तो तिला काढता येईल की नाही, एवढाच आमच्या घरात प्रश्न होता.

मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, तेव्हा पराग्वेत होती. आर्किटेक्ट झाली आणि दोन वर्षांसाठी असुन्सिऑन नावाच्या गावी एका छोट्या ऑफिसात कामाला गेली. हा देश दक्षिण अमेरिकेत आहे, हे मला तिच्या तिकिटामुळे कळलं. आम्ही स्वेटर घालून बसलेलो असायचो आणि फोनवर तिच्या कपाळावरून घाम गळायचा.

“बाबा, इकडं आपल्यासारखंच ऊन आहे. माती पण लाल. आंब्याची झाडं रस्त्यावर. फक्त उन्हाळा जानेवारीत.”

“मग एवढ्या दूर जाऊन का फायदा झाला? तेच ऊन इथं फुकटात होतं.”

सुनंदा मागून म्हणायची, “तू त्यायचं ऐकू नको. तू जेवली का ते सांग.”

ती फोन फिरवून ऑफिस दाखवायची. लोक झाडाखाली बसून बर्फाच्या पाण्यात भिजवलेला कसलासा पाला नळीनं ओढत पीत असायचे. मागे भिंत, आणि ती भिंत विटांच्या तुकड्यांची. अर्ध्या, पाव, कोपरा उडालेल्या. माझ्या यार्डात ज्याला मी भरावात टाकतो तो माल. तिनं सांगितलं, जमिनीवर वाळू पसरतात, तिच्यावर तुकडे मांडतात, वरून मसाला ओततात, आणि सुकलं की अख्खी भिंत दोरांनी ओढून उभी करतात, आपण बाज उभी करतो तशी. मध्ये फटी ठेवतात. ऊन अडतं, वारा अडत नाही.

कधी तिकडच्या दुसऱ्या देशांतले फोटो पाठवायची. वाळवंटातलं घर, त्याला रस्त्याकडे खिडकीच नाही, सगळं तोंड आतल्या बारक्या अंगणाकडे. समुद्राजवळचं बांबूचं घर, जमिनीपासून उचललेलं, कारण पाणी येतं तेव्हा त्याला जायला वाट पाहिजे. ब्राझीलमधला एक जुना कारखाना, न पाडता त्यातच वाचनालय आणि पोहण्याचा तलाव. कोलंबियात डोंगरावरच्या पाण्याच्या मोठाल्या टाक्या, त्याही तशाच ठेवून भोवती बगीचा.

“न पाडता?” मी विचारलं. “मग तिकडच्या तोडाईवाल्यायनं खायचं काय?”

“तुम्ही तिकडं उपाशी मेले असते, बाबा.”

मला ते फोटो आवडायचे नाहीत. आता कळतं की नीट पाहिलेच नव्हते. मला त्यांत गरिबी दिसायची. मी तुकड्यांतून वर आलो होतो, आणि ही पोरगी विमानानं तुकडे पाहायला गेली होती.

आईच्या आजाराचं ऐकून ती वैशाखात परत आली. येताना तिकडच्या नोकरीवर पाणी सोडून आली, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं आल्या-आल्या कागद काढील. पाच दिवस तिनं काहीच केलं नाही. वरच्या खोलीत चार थर्मामीटर दोरीनं टांगले, एक उशीजवळ, एक छताखाली, एक काचेपाशी, एक बाहेर. दर तासाला वहीत लिहायची. खोलीच्या मधोमध अगरबत्ती लावायची आणि धूर कुठं जातो ते पाहत बसायची. सुनंदाला धूर सोसत नाही म्हणून तेवढ्या वेळापुरतं तिला बाल्कनीत बसवायची. मला ते पाहून संताप यायचा.

“बुद्धविहारात बसली का तू? काम चालू कर न. कावून टाइमपास करून राहिली?”

“घर काय करून राहिलं ते पाहून राहिली, बाबा.”

“घर का करन? उभं आहे.”

सुनंदा म्हणाली, “पाहू द्या तिले. आतापर्यंत कोणीच पाह्यलं नाही.”

सहाव्या दिवशी नकाशा आला. मी ठरवून बसलो होतो की काच आणि ती पश्चिमेची बाजू पाडायची आणि नवीन जाड भिंत उभी करायची. पाडणं मला येतं. मित्रा म्हणाली, काहीच पाडायचं नाही. आहे त्या घरापासून दोन हात दूर, पश्चिमेला, दुसरी भिंत. तुकड्यांची, फटींची. त्या भिंतीच्या माथ्यावर भोकं पाडलेला पाइप, दुपारी तीनला चालू करायचा. मातीची वीट पाणी पिऊन घेते, फटींतून वारा येतो आणि माठातल्या पाण्यासारखा थंड होतो. घराच्या छतावर आणखी एक छत, पत्र्याचं, हातभर उंचावर, म्हणजे मूळ छताला सावली. काचेच्या खालच्या दोन चौकटी काढून तिथे जाळी.

“ओल?” सुनंदानं विचारलं. छातीचा प्रश्न तिचा होता.

“कूलर ओल तोंडावर फेकतो, आई. ही ओल दोन हात लांब राहील. आत नुसता वारा.”

आणि विटा? विटा आमच्याच यार्डातल्या. जुन्या क्वार्टरच्या. तिनं त्या निवडूनही ठेवल्या होत्या. पन्नास-साठ वर्षं इथलं ऊन खाल्लेल्या, हातानं पाडलेल्या, कडेला काळ्या. त्या क्वार्टरना व्हरांडे होते, जाळ्या होत्या, खिडक्यांवर सज्जे होते, दारात कडुनिंब होते. ज्यांनी ते नकाशे केले त्यांनाही ऊन माहीत होतं. मी ते पाडून विकले आणि आलेल्या पैशातून काच लावली.

हे आज लिहितो. तेव्हा मी नकाशा पाहून एवढंच म्हणालो की विटा विकणाऱ्याच्या घराला तुकड्यांची भिंत लावली तर लोक म्हणतील, याचा माल संपला. रस्त्याकडची बाजू आहे. तुले काय, तू निघून जाशील, मले इथं तोंड दाखवायचं आहे.

“तुमचं तोंड का आईची छाती?” तिनं विचारलं. आवाज न चढवता. माझ्याशी कोणी आवाज न चढवता बोललं की मला काय करावं ते सुचत नाही. मी हो म्हटलं.

ती छताचे लोखंडी सांगाडे बनवून घ्यायला राजनांदगावला गेली, तीन दिवसांसाठी. पहिल्याच दुपारी मी सुपेल्याच्या पलीकडे यार्ड असलेल्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. एका बंद पडलेल्या खाजगी भट्टीचं सामान त्यानं उचललं होतं. त्यात विटा होत्या. काळपट, जड, दगडासारख्या, चारही कडा धारदार. एक उचलली तर मनगट खाली गेलं.

“भट्ठी की ईंट है,” तो म्हणाला. “लोहा पिघल गया, ये नहीं पिघली. आपका नौतपा क्या चीज़ है.”

मला पटलं. या कारखान्याच्या गावात राहणाऱ्या कोणालाही पटलं असतं. इथल्या माणसाचा आगीवर विश्वास असतो. जे आगीतून निघालं ते पक्कं, हे आम्ही दूध पिता-पिता शिकलेलो. मी मुद्दाम खालचा भाव सांगितला, इतका खालचा की स्वतःलाच लाज वाटावी, म्हणजे तो वर येईल आणि आम्ही मध्ये कुठंतरी भेटू. तो म्हणाला, “ले जाओ.”

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पहिल्या शब्दाला हो. मी ट्रॉलीमागे स्कूटरवर येताना गाणं गुणगुणत होतो. मला वाटलं ऊन आहे, त्याच्याही तोंडात ओल नसेल.

बिसाहू मिस्त्री माझ्याकडे वीस वर्षांपासून. अहिवाऱ्याकडचा. बांधायच्या आधी विटा टाकीत बुडवायची त्याची रीत. साधी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे काढते, घटाघटा पिते, आणि पोट भरलं की शांत होते. त्यानं भट्टीची वीट टाकली आणि वाकून पाहत राहिला.

“ए ईंटा ह पानी नइ पियत हे, सेठ.”

“पानी पीने को नहीं लाए हैं, दीवार बनाने को लाए हैं. चल.”

सावलीत जाऊन त्यानं बासीचा डबा उघडला, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात कांद्याबरोबर खाल्ला, पाणी प्यायला आणि कामाला लागला. तीन दिवसांत भिंत वरच्या खोलीच्या काचेपर्यंत आली. सरळ, एका रेषेत, मध्ये मोजून फटी. रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती.

मित्रा आली ती सांगाड्याच्या गाडीतच बसून. खाली उतरली, भिंतीला हात लावला, नखानं वीट खरवडली.

“बाबा, ही कोणती वीट?”

“फायर ब्रिक. तुझ्या तुकड्यायपेक्षा चांगली.”

“मातीचीच आहे न? पाणी सोडायचं आहे हिच्यावर.”

“मी तीस वर्षांपासून वीट विकून राहिलो, तू मले विचारून राहिली?”

वरून सुनंदाच्या खोकल्याचा आवाज आला. लांबलेला, शेवटी शिट्टी वाजणारा. नवतप्याला दोन दिवस होते. मित्रानं वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “ठीक आहे.” मला तिच्या त्या ‘ठीक आहे’चा आनंद झाला. आठवड्यातला दुसरा सौदा जिंकल्यासारखा. ती वीट मातीची आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी ‘माहीत नाही’ एवढं म्हटलं असतं तर तिनं एक वीट रात्रभर बादलीत ठेवून पाहिली असती. तिची तीच सवय होती, आधी पाहायचं.

भिंत झाली. छतावर छत चढलं. नवतप्याचे पहिले चार दिवस मी विसरणार नाही, कारण ते चांगले होते. उशीवरचं ऊन गेलं. फटींतून आलेले उजेडाचे चौकोन समोरच्या भिंतीवर हळूहळू सरकत, आणि सुनंदा बाजेवर पडून ते पाहत असे. तीन वाजता मित्रा पाइप सोडायची, पाणी टपटपत खाली यायचं. एका दुपारी मी वर गेलो तर सुनंदा आडवी झोपली होती. बसून नाही. तोंड थोडं उघडं, श्वास एकसारखा. मी दारातूनच परत फिरलो.

पाचव्या दिवशी बिसाहूनं मला खाली बोलावून दाखवलं. काही विटांवर केसासारख्या रेघा. सहाव्या दिवशी भिंतीचं पोट आत घराकडे सुटलं होतं, बोटभर. मी म्हणालो, उन्हानं मसाला उकलला असेल. मित्रा डॉक्टरकडे औषध आणायला गेली होती. तिला दाखवू नको म्हणून मी बिसाहूला सांगितलं. ते काय आहे हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण ते मी केलेलं आहे एवढं समजलं होतं.

सातव्या दिवशी, पाइप सोडून तास झाला असेल, पापड मोडल्यासारखे आवाज आले. एक, मग दोन, मग बरेच. मी दुकानातून पळालो. भिंतीचा मधला भाग स्वतःच्या वजनानं बसला आणि आत कलला. काच फुटली. सुनंदाला एकही वीट लागली नाही, एकही काच लागली नाही. फक्त धूळ. करडी-पांढरी, पिठासारखी बारीक, अख्खी खोली तिनं भरून गेली. मित्रा आईला पाठीवर घेऊन जिना उतरली तेव्हा दोघींच्या पापण्या पांढऱ्या होत्या.

नंतर मला कळलं. भट्टीच्या विटांच्या जाती असतात. काही मातीच्या, त्यांना पाण्याचं काही वाटत नाही. काही अशा की शंभर वेळा लोखंड वितळताना पाहतील, पण पाणी लागलं की आतून फुगतात, तडकतात आणि भुकटी होतात. त्या कोरड्या जागी झाकून ठेवतात. भट्टीवर काम केलेला कोणताही जुना माणूस हे सांगू शकला असता. असे चार-पाच जण माझ्या गल्लीत राहतात. रोज संध्याकाळी चौकात बसतात. मी त्यांना विचारलं नाही, आणि त्या व्यापाऱ्यानं मला सांगितलं नाही. त्याच्या नावानं मी पुष्कळ दिवस शिव्या दिल्या. पण त्यानं एकच गोष्ट सांगितली होती, की ही आगीत टिकते, आणि ती खरी होती.

सुनंदा दवाखान्यात असताना, त्याच संध्याकाळी, मी ट्रॉली लावून तो सगळा मलबा उचलून नेला. चौकातल्या कोणी पाहायच्या आत.

ती दहा-बारा दिवस होती. बोलू शकत नव्हती, नाकातोंडावर मास्क. एकदा मित्राच्या हातावर तिनं बोटानं काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय म्हणाली? मित्रा म्हणाली, “काही नाही. जेवली का, विचारते.” सुनंदा गेली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फुफ्फुसं आधीच थकलेली होती, धूळ हे एकटंच कारण म्हणता येणार नाही. ‘एकटंच’ या शब्दावर मी कितीतरी रात्री काढल्या. त्याला मी भावासारखं सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं. तो जास्त खाली येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातली माणसं येऊन गेली. संध्याकाळी मित्रानं ते चार थर्मामीटर काढले, कागदात गुंडाळले. मी वाट पाहत होतो. माझी उत्तरं तयार होती. तू ठीक आहे म्हणाली होतीस. तू तपासून पाहायला पाहिजे होतं. तू शिकलेली. मी पुढचं-मागचं सगळं जुळवून ठेवलं होतं, जसा मोठ्या सौद्याला जाताना ठेवतो. तिनं तोंडच उघडलं नाही. महिन्याभरात ती परत तिकडं गेली. भांडण झालं असतं तर कुठंतरी मध्ये भेटलो असतो.

इकडे बोलणं पसरलं. परदेशातून शिकून आलेल्या पोरीनं आईच्याच खोलीवर भिंत पाडली. देशमुख साहेब सभ्य माणूस, ते सभ्यपणे म्हणायचे, “तिकडचं शास्त्र इथल्या उन्हात नाही हो टिकत.” मी ऐकून घ्यायचो. वर्षानं ते मासिक आलं. पेटीचं वाक्य वाचून झाल्यावर साहेबांनी शेवटचं वाक्य वाचलं : ‘भिंत पडली ती माझ्यामुळे. विटेची निवड चुकली, आणि ती निवड माझी होती.’

तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. एक शब्दही कमी न करता. माझा राग त्याचा होता, पेटीचा नाही. पेटी खरी होती. हे खोटं होतं, आणि माझ्या फायद्याचं होतं. मी साहेबांना म्हणू शकलो असतो. मी मासिक घडी करून त्यांना परत दिलं. सुपेल्यात मी विटांचा माणूस आहे. लोक डोळे मिटून माझ्याकडून वीट घेतात.

यंदा हिवाळ्यात अहिवाऱ्याच्या एका शाळेचे लोक आले. जुन्या इमारतीला जोडून चार वर्ग बांधायचे होते, पोरं उन्हाळ्यात भाजतात म्हणाले. मोठ्या शहरातल्या आर्किटेक्टची फी परवडत नाही, तुमची मुलगी अशीच कामं करते न? मग त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, “ती भिंतवाली हीच का?” ते एकमेकांकडे पाहून चहा पिऊन गेले. मला तोंड उघडायला वेळ होता. पूर्ण एक कप चहाचा.

त्या रात्री मी माळ्यावरून नकाशा काढला.

माघात बिसाहूला बोलावलं. तिनं निवडून ठेवलेले तुकडे यार्डात तसेच होते, वर घाणेरी वाढलेली. आम्ही वाळू पसरली, तुकडे मांडले. चौसष्टाव्या वर्षी मी उकिडवा बसून तुकड्याला तुकडा लावत होतो, आणि बिसाहू म्हणत होता, तो उलटा हे सेठ, पलटाव. टाकीत टाकले की ते बुडबुडे सोडत पाणी प्यायचे. बिसाहूनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. अर्धं झाल्यावर मित्राला फोटो पाठवला, सोबत काही न लिहिता. दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘खालचा थर अजून सैल ठेवा. हवा तिथूनच येते.’ आम्ही खालचा थर तोडून पुन्हा केला.

आज नवतप्याचा सातवा दिवस. तीन वाजता पाइप सोडला. देशमुख साहेबांची वीज गेली होती, त्यांना मी वर बोलावलं. ते बाजेजवळच्या खुर्चीत बसले, गमछा सोडला, टोपी काढली. भिंत काळी-लाल झाली होती, ओल्या मातीचा वास येत होता. फटींतून वारा आला. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “आता जमलं बघा. म्हणजे तेव्हा पोरीचं कुठंतरी चुकलं.”

“पोरीचं नाही. हाच नकाशा होता. तिनं निवडलेल्या विटा याच होत्या. मी बदलल्या.”

“तुम्ही?”

“ती गावाला गेली होती. तिनं विचारलं तेव्हा मी माहीत असल्याचा आव आणला. मासिकात लिहिलं आहे ते खोटं आहे. चौकात सांगा. अहिवाऱ्याच्या शाळेवाल्यांना मी उद्या सांगायला जातो आहे.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग खोलीत, मग बाजेकडे. चांगला माणूस आहे, बोलताना विचार करतो.

“म्हणजे त्या वेळी हीच भिंत असती,” ते म्हणाले, “तर वहिनी...” आणि थांबले. पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तसाच खाली ठेवला.

मी म्हटलं, “हो.”